जॉन फोगर्टी : पंधरा वर्षं स्वतःचीच गाणी न गाणारा माणूस

सांजवारा

१९६८ ते १९७२ या चार वर्षांत सीसीआर या अमेरिकी रॉक बँडने (पूर्ण नाव क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल, पण ते दर वेळी टंकणार नाही) सात अल्बम काढले. त्यातले तीन एकट्या १९६९ सालातले. प्राउड मेरी, बॅड मून रायझिंग, ग्रीन रिव्हर, फॉर्च्युनेट सन... यातलं प्रत्येक गाणं एकाच माणसाने लिहिलं, चाल दिली, गायलं आणि स्टुडिओत बसून घडवलं. तो म्हणजे जॉन फोगर्टी. बँड फुटला तेव्हा त्याचं वय होतं २७.

त्यानंतर १९८७ पर्यंत त्याने ही गाणी जाहीर मैफलीत गायचं नाव घेतलं नाही.

गाण्यांचे हक्क फँटसी रेकॉर्ड्सकडे होते. मूळची ही सॅन फ्रान्सिस्कोची जॅझवाली छोटी कंपनी. १९६७ मध्ये सॉल झेंट्झने साथीदार जमवून ती विकत घेतली आणि सीसीआरच्या जिवावर ती गब्बर झाली. झेंट्झ पुढे चित्रपट काढू लागला, ऑस्कर वगैरे मिळाले. इकडे बँड फुटल्यावरही फोगर्टी करारात अडकलेलाच, कंपनीला अजून अल्बम देणं लागत होता. त्यातून सुटण्यासाठी १९८० मध्ये त्याने सीसीआरच्या रेकॉर्डवर कलाकार म्हणून मिळणाऱ्या रॉयल्टीवर पाणी सोडलं. मी गायलो की पैसे झेंट्झच्या खिशात जाणार, तर मग गाणारच नाही, असा सरळ हिशेब.

हा स्वाभिमान म्हणायचा की नुसता हट्ट? माझं मत आधीच सांगून टाकते. मला हे निव्वळ नुकसान वाटतं. त्याचं झालंच, गाण्यांचंही झालं. सत्ताविशीतला गळा चाळिशीत तसाच राहत नाही.

अण्णा_खारघर

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

नवशिका

'हॅव यू एव्हर सीन द रेन'वालेच ना हे? आमच्या हॉस्टेलवर एक सीनियर रोज रात्री तेच वाजवायचा. मी ते पावसाळ्याचं गाणं समजत होतो. गायकाचं नाव आज कळतंय.

गिटारगोंधळ

@नवशिका, पावसाळ्याचा काही संबंध नाही. १९७१ च्या सुरुवातीचं गाणं आहे ते. बँड शिखरावर, पैसा येतोय, रेडिओवर दर तासाला यांचीच गाणी, आणि चौघांची तोंडं चार दिशांना. थोरला भाऊ टॉम सोडून जायच्या बेतात. लख्ख उन्हात पडणारा पाऊस म्हणजे हे. फोगर्टीने स्वतःच अनेकदा सांगितलंय.

तुमच्या सीनियरने तेच का धरलं होतं तेही सांगतो. सी, जी, ए मायनर, एफ. पहिल्या महिन्यात बोटांत बसणारे कॉर्ड. बॅड मून रायझिंग तर तीनच कॉर्डवर उभं आहे. म्हणून लोकांना फोगर्टी सोपा वाटतो आणि तिथेच फसतात. त्याची सगळी करामत उजव्या हातात आहे. प्राउड मेरी, बॅड मूनसारख्या गाण्यांसाठी तो गिटार एक अख्खा स्वर खाली उतरवायचा, त्यामुळे तारा ढिल्या होऊन आवाजाला तो जाडेपणा येतो. 'बॉर्न ऑन द बायू'चं कडवं ऐका. एकच ई सेव्हन कॉर्ड, अँपचा ट्रेमोलो (थरथरता आवाज) चालू, आणि बाकी काही नाही. तरी अंगावर येतं. मी कित्येक वर्षं प्रयत्न करतोय. माझं ऐकून शेजारी अंगावर येतात.

आणि प्राउड मेरीची सुरुवात? ते उतरत जाणारे कॉर्ड बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीच्या सुरुवातीवरून सुचले, असं त्याचंच म्हणणं आहे.

चहाटळ

म्हणजे हॉस्टेलवर रोज रात्री बेथोव्हेनच चालू असायचा तर. उगाच रेक्टरकडे तक्रारी केल्या.

थोरला_भाऊ

सगळे जॉनच्याच बाजूने बोलणार हे दिसतंय, म्हणून मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला बसतो.

बँड मुळात कोणाचा? १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एल सेरिटोच्या शाळेत जॉन, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड या तिघांनी ब्लू व्हेल्वेट्स नावाने वाजवायला सुरुवात केली. टॉम जॉनपेक्षा चार वर्षांनी मोठा. तो या पोरांबरोबर गाऊ लागला तेव्हा मुख्य गायक तोच होता, रेकॉर्डवर 'टॉमी फोगर्टी अँड द ब्लू व्हेल्वेट्स' असं छापलेलं असायचं. १९६४ मध्ये फँटसीकडे गेल्यावर कंपनीने 'गॉलीवॉग्ज' हे भयंकर नाव गळ्यात मारलं. तेही चौघांनी मिळून सोसलं. मग धाकट्याच्या गळ्यात काय आहे ते सगळ्यांना कळलं आणि टॉम निमूटपणे रिदम गिटार घेऊन मागे सरकला. किती थोरले भाऊ असं करतील?

बदल्यात काय मिळालं? गाणी जॉनची, मांडणी जॉनची, निर्मिती जॉनची. मागचे कोरसचे आवाजसुद्धा तो एकटाच थरावर थर चढवून भरायचा, कारण बाकीच्यांचं गाणं त्याला पसंत नव्हतं. व्यवस्थापनही त्याच्याच हाती. स्टू कुककडे बिझनेसची पदवी होती, त्याला कोणी विचारलं? ज्या फँटसीच्या नावाने पुढे आयुष्यभर बोटं मोडली, तिच्याशी बोलणी करायचा मक्ताही स्वतःकडेच ठेवला होता.

१९७१ मध्ये टॉम बाहेर पडला. मग उरलेल्या दोघांना सांगण्यात आलं की आता तुम्हीही तिसरा-तिसरा हिस्सा गाणी लिहा आणि तुम्हीच गा. त्यातून 'मार्दी ग्रा' हा अल्बम निघाला आणि समीक्षकांनी तो फाडून खाल्ला. ज्यांनी कधी गाणं लिहिलं नाही त्यांना भर चौकात उभं करायचं, हा मला सरळसरळ सूड वाटतो.

सांजवारा

@थोरला_भाऊ, 'मार्दी ग्रा'बद्दल जॉनची बाजू नेमकी उलट आहे. बाकीच्यांनाच लोकशाही हवी होती, म्हणून दिली, असं तो म्हणतो. स्टू कुक म्हणतो लादली. खोलीत तिघेच होते, आता आपण काय निवाडा करणार? पण एक गोष्ट रेकॉर्डवर ऐकू येते. त्याच अल्बममधलं 'समडे नेव्हर कम्स' जॉनचं आहे. बापाने सोडून जाण्याबद्दलचं गाणं. त्याचे आईवडील तो लहान असताना वेगळे झाले आणि त्याचं स्वतःचं पहिलं लग्नही तेव्हा मोडायला आलं होतं. सूड घ्यायला बसलेला माणूस असं गाणं त्यात खर्ची घालेल का?

थोरला_भाऊ

सूडही घ्यायचा आणि आपलं गाणं सगळ्यांत चांगलं निघेल हेही बघायचं. दोन्ही एकदम जमतं. माझा धाकटा जमवतो.

मुक्काम_फ्रीमाँट

इथून एल सेरिटो बार्टने (इथली लोकल) तासाभरात गाठता येतं, त्यामुळे थोडा भूगोल मी सांगतो. लोक समजतात हा माणूस लुइझियानाच्या दलदलीत वाढला असेल. गाण्यांत बायू (दलदलीतले संथ ओढे), मिसिसिपीवरची चाकाची बोट, भुतंखेतं, शिकारी कुत्रे. प्रत्यक्षात जन्म बर्कलीचा, बालपण एल सेरिटोत. खाडीकाठच्या टेकडीवरची साधी मध्यमवर्गीय वस्ती. प्राउड मेरी लिहिलं तेव्हा तो मिसिसिपीत बोटीवर नव्हता, १९६८ मध्ये आर्मी रिझर्व्हमधून (सैन्याच्या राखीव दलातून) सुटका झाल्याचं पत्र हातात पडलं त्या आनंदात घरी बसून लिहिलं.

'ग्रीन रिव्हर' मात्र खरीखुरी जागा आहे. विंटर्स गावाजवळचा प्यूटा क्रीक, त्याच्या लहानपणी कुटुंब तिथे सुट्टीला जायचं. गाण्याला नाव मिळालं ते सोडा फाउंटनवरच्या हिरव्या लिंबू सरबताच्या बाटलीवरून. आम्ही एकदा मुद्दाम विंटर्सला गेलो होतो. पाणी हिरवंच होतं, मी मनातल्या मनात टिक केलं. मुलं कंटाळली.

आणखी गंमत 'लोडाय'ची. एक पडेल गायक छोट्या गावात अडकून पडलाय, परतीच्या गाडीलाही पैसे नाहीत, असं गाणं. लोडाय इथल्या मध्य खोऱ्यातलं द्राक्षांचं गाव आहे. फोगर्टी तिथे तोवर कधी गेलाही नव्हता. नाव झकास वाटलं म्हणून घेतलं!

चहाटळ

मराठीत करायचं झालं तर 'पुन्हा अडकलो दौंडला'. त्यासाठी कल्पनाशक्तीची गरज नाही, नुसतं तिकीट काढा.

निशिगंधा

फ्रीमाँटकरांच्या प्रतिसादावरून एक खटकणारी गोष्ट. गोरा कॅलिफोर्नियाचा मुलगा दक्षिणेतल्या काळ्या गायकांच्या उच्चारात गातो. प्राउड मेरीत 'टर्निंग'चं 'टॉइनिन' करतो. आज कोणी असं केलं तर लोक सोलून काढतील. कितपत योग्य आहे हे?

गिटारगोंधळ

@निशिगंधा, प्रश्न रास्त आहे. पण त्याने हे सगळं चोरून आणलं नाही, उघड सांगून आणलं. घरी रेडिओवर हाउलिन वुल्फ, लिटल रिचर्ड, स्टेपल सिंगर्स. पॉप्स स्टेपल्सच्या गिटारचा थरथरता आवाज आणि बुकर टी अँड द एमजीज या मंडळींची कसलेली, एक सूर जास्त न वाजवणारी साथ या दोन गोष्टींवर सीसीआर उभा आहे. एमजीजबरोबर तर १९७० मध्ये एकत्र कार्यक्रमही केले. आईने लहानपणी बर्कलीत लोकगायक पीट सीगरला ऐकायला नेलं होतं, तिथून लेड बेली या जुन्या ब्लूज-लोकगायकापर्यंत पोचला. 'विली अँड द पुअर बॉईज'वर लेड बेलीची दोन गाणी आहेत.

आणि तो काळ बघा. शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोत सगळे वीस-वीस मिनिटं गिटार आळवत होते, डोक्यात धूर. हा पठ्ठ्या बर्कलीतल्या एका शेडवजा जागेत रोज तालीम घेतोय, बँडला नशापाणी बंद, गाणं अडीच-तीन मिनिटांत संपवायचं. ड्रमर डग क्लिफर्डचं टोपणनाव कॉस्मो. तालमीची जागा त्याने गमतीत 'फॅक्टरी' म्हटली, म्हणून अल्बम 'कॉस्मोज फॅक्टरी'. पुढे रूट्स रॉक (जुन्या लोकसंगीतावर आणि ब्लूजवर उभा असलेला रॉक) म्हणून जे ओळखलं जाऊ लागलं, त्याचा मोठा भाग या शेडमधून निघाला.

निशिगंधा

ऋण मान्य करणं आणि उच्चार उचलणं यात फरक आहे, तो मला अजूनही बोचतो. पण सॉलोमन बर्कने १९६९ मध्येच प्राउड मेरी गायलं, आणि १९७१ मध्ये आयक आणि टीना टर्नर यांनी ते असं गायलं की निम्म्या जगाला ते टीनाचंच वाटतं. म्हणजे ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याकडे ते परतही गेलं. हे माझ्यापुरतं पुरेसं आहे की नाही ते ठरवते.

अण्णा_खारघर

आलो.

मला फोगर्टी मिळाला काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये. मी दुसरंच काहीतरी मागितलं असताना काउंटरवरच्या गृहस्थांनी 'हे घेऊन जा' म्हणून 'क्रॉनिकल' हातात ठेवलं. १९७६ मध्ये फँटसीने काढलेला निवडक गाण्यांचा संग्रह. अमेरिकेच्या खपाच्या याद्यांत तो आजही डोकं वर काढतो. दुकान आता नाही.

मला बोलायचंय ते 'फॉर्च्युनेट सन'बद्दल. धाग्यात अजून राजकारण आलं नाही हे विशेष! १९६६ मध्ये व्हिएतनामसाठी सक्तीच्या भरतीचं पत्र आलं, आणि हा रिझर्व्हमध्ये दाखल होऊन वाचला. त्यामुळे कोण जातं आणि कोण जात नाही हे त्याने जवळून पाहिलं होतं. डिसेंबर १९६८ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरचा नातू आणि निवडून आलेल्या निक्सनची मुलगी यांचं लग्न झालं. या लोकांची पोरं लढाईला जाणार नाहीत, हे त्याला त्या वेळी लख्ख दिसलं. लिहायला बसला आणि वीस मिनिटांत गाणं पुरं.

आता विनोद ऐका. हेच गाणं पुढे जीन्सच्या जाहिरातीत वाजलं. झेंड्याबद्दलची सुरुवातीची ओळ घेतली आणि पुढचा टोमणा कापला. हक्क कंपनीकडे, फोगर्टीला विचारायची गरजच नाही. आणि २०२० मध्ये ट्रम्प यांच्या प्रचारसभेत वाजलं! तेव्हा फोगर्टीने थांबवण्याची नोटीस पाठवली. शिवाय हेही म्हणाला की हे लोक माझं गाणं का वाजवतायत तेच मला कळत नाही, मी लिहिलंय ते यांच्यासारख्यांवर.

म्हणून @सांजवारा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर. ज्याचं गाणं पँट विकायला वापरलं जातं आणि त्याला कोणी विचारतही नाही, त्याच्याकडे उरतो फक्त गळा. तो बंद ठेवायचा हक्क तरी त्याला असू द्या.

चहाटळ

दोन अवांतर माहित्या. एक, अमेरिकेच्या मुख्य यादीत सीसीआरची पाच गाणी दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली आणि पहिल्यावर एकही नाही. ब्रिटनने तेवढं बॅड मूनला पहिलं ठेवलं. दोन, १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात हे मध्यरात्रीनंतर स्टेजवर आले, कारण आधीच्या ग्रेटफुल डेड या बँडचं संपतच नव्हतं. समोर लाखो लोक चिखलात झोपलेले. फोगर्टीला आपला कार्यक्रम इतका पडेल वाटला की महोत्सवावरच्या सिनेमात येऊच दिला नाही. म्हणून वुडस्टॉकला सीसीआर होते हे खुद्द वुडस्टॉकच्या चाहत्यांना माहीत नसतं. अख्खा कार्यक्रम बाहेर आला २०१९ मध्ये. ऐकला. उत्तम आहे हो. हा माणूस फारच कडक परीक्षक.

काळाकोट

न्यायालयीन भाग कोणी लिहीत नाही म्हटल्यावर मलाच लिहावं लागणार.

१९८५ मध्ये 'सेंटरफील्ड' आला. दशकभराच्या अज्ञातवासानंतरचा अल्बम, सगळी वाद्यं एकट्याने वाजवलेली, आणि तो थेट पहिल्या क्रमांकावर. त्यात एक गाणं होतं 'झँझ कान्ट डान्झ', पैसे चोरणाऱ्या डुकराबद्दल. डुक्कर कोण ते शेंबड्या पोरालाही कळेल. झेंट्झने बदनामीचा दावा ठोकल्यावर नाव बदलून 'व्हँझ' करण्यात आलं. अशिलाने असं काही लिहिण्याआधी वकिलाला विचारावं, एवढंच म्हणतो.

पण गाजला तो दुसरा खटला. 'द ओल्ड मॅन डाउन द रोड' हे गाणं १९७० च्या 'रन थ्रू द जंगल'ची नक्कल आहे, असा फँटसीचा दावा. जंगल लिहिलं फोगर्टीने, हक्क फँटसीचा. थोडक्यात, फोगर्टीने फोगर्टीची चोरी केली असा आरोप. १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ज्युरीपुढे सुनावणी झाली. हा माणूस गिटार घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसला आणि वाजवून दाखवलं, की बाबांनो, ही माझी वाजवायची पद्धत आहे, दोन्ही गाणी यातूनच येतात, मी दुसरं काय वाजवणार? ज्युरीला पटलं.

पुढचा भाग चाहते गाळतात, तो माझा आवडता. जिंकला, पण वकिलांची फी कोण देणार? तिथल्या कॉपीराइट कायद्यात जिंकलेल्या पक्षाला फी देववण्याची न्यायालयाला मुभा आहे. खालच्या न्यायालयांतली रीत मात्र दोन मापांची. दावा लावणारा जिंकला तर फी सहज मिळायची. प्रतिवादी जिंकला तर त्याने दावा खोडसाळ किंवा बिनबुडाचा होता हे दाखवावं. फोगर्टी याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १ मार्च १९९४ चा निकाल, लिहिला खुद्द सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी : दोन्ही पक्षांना एकच माप. स्वतःचं गाणं वाचवणारा प्रतिवादीसुद्धा कॉपीराइटच्या उद्देशाची सेवाच करत असतो, असा त्यातला युक्तिवाद आहे. फोगर्टीला पुढे १३ लाख डॉलरच्या वर फी मिळाली. 'फोगर्टी विरुद्ध फँटसी' आज तिथल्या प्रत्येक कॉपीराइटच्या वर्गात शिकवतात.

तेव्हा @सांजवारा, तुम्ही ज्याला हट्ट म्हणता त्यातून असंख्य अनोळखी कलावंतांचा फायदा झालाय.

नवशिका

साष्टांग, वकीलसाहेब. आपल्याकडे असं काही आहे का? की सही केली की संपलं?

काळाकोट

२०१२ पासून आहे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांना एक कवच मिळालं. चित्रपटगृहाबाहेर गाणं वापरलं गेलं तर रॉयल्टीतला त्यांचा समान वाटा निर्मात्याला लिहूनच घेता येत नाही, घेतला तरी तो करार फोल. फोगर्टीसारख्याने दबावाखाली पाणी सोडायची वेळच येऊ नये, हा हेतू. अंमलबजावणीबद्दल वेगळा धागा काढा, तिथे रडतो.

थोरला_भाऊ

आणि त्याच्या कितीतरी आधी, साठच्या दशकात, गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून लताबाई उभ्या राहिल्या होत्या. रफीसाहेबांचं मत उलट, एकदा पैसे घेतले की विषय संपला. दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं थांबवलं. यात दोघांपैकी वाईट कोणीच नव्हतं. फोगर्टीच्या गोष्टीत मात्र तुम्हा सगळ्यांना एक राक्षस लागतो, म्हणून झेंट्झ.

मुक्काम_फ्रीमाँट

राक्षस नसेल, पण फँटसीच्या सल्ल्याने बँडचे पैसे बहामातल्या एका बँकेत ठेवले गेले, कर वाचवायला म्हणून, आणि बँकेबरोबर ते गेले. आयुष्यभराची कमाई. त्यावरही खटला चालला. संतापायला कारण कमी नव्हतं हो.

बाकी टॉमचं खरंच वाईट वाटतं. १९८० मध्ये त्याच्या लग्नात चौघं शेवटचं एकत्र वाजले. पाठीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून त्याला एचआयव्हीची लागण झाली आणि १९९० मध्ये क्षयाने गेला. भावाभावांत धड समेट झाला नाही. टॉम शेवटपर्यंत झेंट्झला मित्र मानत होता, आणि जॉनला सगळ्यात जास्त तेच लागलं होतं.

गिटारगोंधळ

ही कोंडी फुटली कशी ते राहिलंच. फेब्रुवारी १९८७, नॉर्थ हॉलिवुडमधला पालोमिनो क्लब. ताज महाल (आग्र्याचा नव्हे, ब्लूजवाला) वाजवत होता. प्रेक्षकांत बॉब डिलन, जॉर्ज हॅरिसन आणि फोगर्टी. हळूहळू तिघेही स्टेजवर. कोणीतरी प्राउड मेरीची फर्माईश केली, हा नाही म्हणाला. तेव्हा डिलन त्याला म्हणाला, तू गायला नाहीस तर सगळ्यांना ते टीना टर्नरचंच गाणं वाटेल. गायला! त्याच वर्षी ४ जुलैला व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठीच्या मैफलीत जुनी गाणी रीतसर गायली.

चहाटळ

पंधरा वर्षं वकील, कंपन्या, शपथपत्रं. शेवटी काम झालं ते डिलनच्या एका टोमण्याने.

निशिगंधा

मला त्यापेक्षा १९९० चा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. तो मिसिसिपीत फिरायला लागला, आयुष्यभर ज्या प्रदेशाबद्दल लिहिलं तो बघायला. तिथे जुना ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनच्या कबरीपाशी उभं असताना त्याच्या डोक्यात आलं, की जॉन्सनच्या गाण्यांचे हक्क आज कुठल्या तरी वकिलाकडे असतील, पण ती गाणी कोणाची आहेत हे जगाला माहीत आहे. मग माझी माझीच. त्या काळातच ज्युलीशी लग्न, आणि १९९७ चा 'ब्लू मून स्वॉम्प' या प्रवासांतून निघाला. त्याला ग्रॅमी मिळालं. मी वर उच्चाराबद्दल जे म्हटलं त्याचंही थोडं उत्तर मला इथे मिळतं. उशिरा का होईना, गेला तिथे.

थोरला_भाऊ

कबरीपाशी शहाणपण आलं म्हणता, तर १९९३ चं काय? रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सीसीआरचा समावेश झाला. स्टू आणि डग कपडे करून तयार. आणि साहेब स्प्रिंगस्टीन आणि रॉबी रॉबर्टसनला बरोबर घेऊन गायले, जुन्या सोबत्यांना खालीच बसवलं. शाळेपासूनचे मित्र हो!

सांजवारा

हे मात्र मलाही कधी पटलं नाही. त्या दोघांनी निर्णयातलं आपलं मत झेंट्झला विकलं, असा जॉनचा राग होता. असेल. पण एक संध्याकाळ, तीन गाणी. टॉमही गेलेला.

मूळ प्रश्नावर येते. अण्णा आणि वकीलसाहेबांमुळे माझं मत थोडं हललंय, पण उलटलेलं नाही. खटला लढला ते उत्तमच. पण खटला लढायला गाणं बंद ठेवावं लागत नव्हतं. टीनाने गायलं, १९८५ च्या लाइव्ह एडमध्ये वेंब्लीची सुरुवातच स्टेटस क्वो या बँडने त्याच्या 'रॉकिन ऑल ओव्हर द वर्ल्ड'ने केली, त्याची गाणी जगभर वाजत राहिली. गप्प होता तो एकटाच. झेंट्झचे पैसे काही थांबले नाहीत.

अण्णा_खारघर

पैसे थांबवायला तो गप्प नव्हताच. आपल्या हाताने द्यायचे नाहीत, एवढंच होतं. आमच्या ओळखीत एक गृहस्थ वाटणीत गेलेल्या घरावरून आजही जात नाहीत, लांबून वळसा घालतात. घराला काय फरक पडतो?

काळाकोट

शेवटचा टप्पा नोंदवून ठेवतो. २००४ मध्ये कॉन्कर्ड या रेकॉर्ड कंपनीने फँटसी घेतली आणि सोडलेली रॉयल्टी फोगर्टीला पुन्हा सुरू केली, कायद्याने बंधन नसताना. जानेवारी २०२३ मध्ये त्याने प्रकाशन हक्कांतला मोठा हिस्सा कॉन्कर्डकडून विकत घेतला. वय ७७. अमेरिकी कायद्यात १९७८ पूर्वीच्या कामांचे हक्क ५६ वर्षांनी लेखकाला परत मागता येतात, आणि १९६८ च्या गाण्यांची ती मुदत जवळ आली होती. त्यामुळे सौदा करायला दोन्ही बाजूंना निमित्त होतं, असा माझा तर्क.

गिटारगोंधळ

आणि २०२५ मध्ये 'लेगसी' आला. सीसीआरची वीस गाणी नव्याने ध्वनिमुद्रित, मुलगे शेन आणि टायलर साथीला. @सांजवारा, तुमचा गळ्याचा मुद्दा इथे तपासून बघा. ऐंशीचा माणूस आहे. वरचे स्वर पूर्वीसारखे फाटत नाहीत, थोडे गोल झालेत, पण त्याच पट्टीत उभा आहे. पंधरा वर्षं ठेवणीत राहिला म्हणून टिकला, असं म्हणणाराही कोणी निघेल.

सांजवारा

ऐकला. टिकलाय, मान्य. पण सगळं इतकं हुबेहूब की मला मूळचंच लावावंसं वाटलं. १९७७ मध्ये त्याने बॉर्न ऑन द बायू कसं गायलं असतं, १९८३ मध्ये कसं, ते ऐकायचं होतं मला. ते कुठल्याच कंपनीकडे नाही.

थोरला_भाऊ

मूळच्यात टॉमची रिदम गिटार आहे. म्हणून.

नवशिका

धागा पूर्ण वाचला. दोन्ही बाजू पटतायत, म्हणजे माझं काही खरं नाही. आता ऐकायला सुरुवात कुठून करू? 'क्रॉनिकल' की अल्बम?

गिटारगोंधळ

अल्बमच. 'विली अँड द पुअर बॉईज', मग 'कॉस्मोज फॅक्टरी'. हिट गाण्यांच्या मधली गाणी सोडू नकोस, 'एफिजी' तर अजिबात नको.

अण्णा_खारघर

ऐकू नकोस त्याचं. 'ग्रीन रिव्हर'पासून कर. एकोणतीस मिनिटांचा आहे, आवडला नाही तर लोकल अंधेरीला पोचायच्या आत संपलेला असेल.